तोरिकाच्या चोऱ्या

तोरिकाने सार्जंट विलिकेसांच्या घरची पहिली चोरी केली ती भर सकाळी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत, आणि नेलं काय, तर गवत.

मी ओसरीवर मशीन मांडून शाळेचे गणवेश शिवत होते, त्यामुळे अथपासून इतिपर्यंत सगळं पाहिलं. बाई आली ती कोयता घेऊनच. ‘बुला’ म्हणून रामराम नाही की काही नाही, फाटक ढकललं आणि अंगणात कमरेएवढं माजलेलं गवत सपासप कापायला लागली. आवाज ऐकून सार्जंट काठी टेकत दारात आले. फौजेत आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “कोण गं तू?”

“तुझी तौवू,” तोरिका मान वर न करता म्हणाली. “वुनिदोंगोची. गवत नेतेय. माझ्या बकरीला लागतं.”

सार्जंट बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “वुनिदोंगोच्या लोकांना बकरीचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते कळतं का?”

“होडी उलटी वल्हवणाऱ्या गावच्यांनी बोलू नये,” असं म्हणून तिने दात काढले. समोरच्या दोन दातांत बोट जाईल एवढी फट. तिचं ते हसणं एकदा सुरू झालं की नदीच्या पुलापर्यंत ऐकू जातं. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती गेली आणि सार्जंटांचं अंगण कित्येक महिन्यांनी माणसाच्या अंगणासारखं दिसायला लागलं.

तोरिकाकडे बकरी नव्हती. गवत तिने नदीत टाकलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

हे तौवू प्रकरण ज्याला लाभलेलं नाही त्याला कळायला जड. आम्हा भारतीय फिजीवाल्यांना ते लाभलेलं नाही, म्हणून मला आयुष्यभर त्याचा हेवा वाटत आला आहे. दोन गावांचा मूळपुरुष, म्हणजे आद्य देव, एकच असला की ती गावं एकमेकांची तौवू. मग या गावच्या माणसाने त्या गावच्या माणसाच्या घरात खुशाल शिरावं, दिसेल ते उचलावं आणि वर चार शिव्या हासडाव्यात. ज्याचं गेलं त्याने रागवायचं नाही, परत मागायचं नाही, फक्त हसायचं आणि आपली पाळी आली की त्याच्या घरातलं उचलायचं. मोठ्या माणसाला अहोजाहो करणारी माणसं ही, पण तौवू भेटला की थेट अरेतुरे. आमच्यात मेहुणे मेहुण्यांची थट्टा करतात तेवढीच. न विचारता कुणाची कोंबडी उचलली तर आमच्यात तीन पिढ्या बोलणं बंद होतं.

सार्जंट विलिकेसा म्हणजे आमच्या नौसोरीच्या गल्लीतले एकुलते एक फौजी. तरुणपणी निळी टोपी घालून शांतिसेनेतून लेबनॉनला गेले, डोंगरातल्या चौकीवर राहिले, आणि एक कान व एक गुडघा तिथेच ठेवून आले. बायको वारली. मुलगी वासिती ऑकलंडला नर्स. माणूस सरळ, पण नाकावर माशी बसू देणार नाही. पुराच्या वर्षी चर्चने त्यांच्या दारात तांदळाची गोणी ठेवली, ती त्यांनी मागच्या घरी नेऊन टाकली. त्यांच्या घराच्या पायऱ्या कुजल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने, हरीने, नुसतं विचारलं होतं की बघू का जरा. हरी सुतार आहे, त्याला कुजकं लाकूड बघवत नाही. सार्जंट म्हणाले, “का? तुझ्या घरच्या पायऱ्या कुठे गेल्या?” या देशात शेजाऱ्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. पण मागायला तोंड उघडावं लागतं, आणि सार्जंटांचं तोंड फक्त प्रार्थनेला आणि हुकमाला उघडायचं.

त्याच पायऱ्यांवरून ते मार्चमध्ये पडले. वासितीचा फोन आला. सार्जंटांना ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो, म्हणून गल्लीला त्यांच्या घरचं सगळं माहीत. वासिती म्हणाली, ताता, मी नोव्हेंबरात येते, घर असंच असेल आणि तुम्हाला चालता येत नसेल तर मी तुम्हाला घेऊनच जाणार, यात बोलायला जागा नाही. मुलगी वाईट नाही. बाप पायऱ्यांखाली पडलाय आणि ती समुद्रापलीकडे बसलीय, तिने तरी काय करावं?

त्या संध्याकाळी सार्जंट यांगोना, म्हणजे इथलं मुळीचं गुंगीचं पेय, प्यायला आमच्याकडे आले. हरीने करवंटीचा पेला पुढे केला. सार्जंटांनी टाळी वाजवली, पेला रिकामा केला आणि म्हणाले, “ऑकलंडला मी खिडकीत बसणार. बाहेर थंडी. रस्त्याने माणसं जाणार आणि एकही मला बुला म्हणणार नाही. हरी, त्यापेक्षा मला नदीत सोडून ये.” दरवर्षी नोव्हेंबरात हुतात्म्यांचा रविवार असतो, तेव्हा उरलेसुरले जुने फौजी पदकं लावून संचलन करतात. सार्जंटांनी एक वर्ष चुकवलेलं नव्हतं. हे शेवटचं, असं ते त्या दिवशी म्हणाले. मी आत जाऊन उगीच भांडी आपटली.

शेजारीच तोरिका तिच्या उंबऱ्यात बसून बाजारासाठी अळूच्या पानांच्या जुड्या बांधत होती. ती नवरा गेल्यावर आमच्या गल्लीत राहायला आली, तिला जेमतेम महिना झाला होता. तिने सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोयता घेऊन उठली, ते गवताचं प्रकरण.

गवतानंतर बाई सोकावली. एका सोमवारी सार्जंट दवाखान्यात गेले होते. परत येऊन बघतात तर घराला पायऱ्याच नाहीत. घर खांबांवर छातीएवढं उंच. वर दारात तोरिका पाय सोडून बसलेली.

“चुलीला लाकूड नव्हतं,” ती म्हणाली. “तुझ्या पायऱ्या छान जळल्या. वाळवीसकट.”

सार्जंटांनी विचारलं की आता मी घरात कसं जायचं. ती म्हणाली, ते तुझं तू बघ, तौवूने नेलेलं परत मागायचं नसतं, तुमच्या गावात आयांनी मुलांना काही शिकवलं नाही वाटतं. तेवढ्यात हरी दुसऱ्या पायऱ्या खांद्यावर घेऊन आला. चांगल्या, जड लाकडाच्या. तोरिका म्हणाली, ही माझ्या घरची अडगळ, टाकायला जागा नाही म्हणून तुझ्या दारात टाकतेय, उचलायचा आळस आला तर राहू दे. हरीने त्या ठोकल्या, बाजूला कठडाही बसवला आणि मला म्हणाला की कठडा माझ्या हातून चुकून बसला. सार्जंट कठडा धरून वर गेले आणि दार लावून घेतलं. विनाका म्हणाले नाहीत, म्हणजे आभार मानले नाहीत. म्हणता येतच नव्हतं, चोराला कुणी विनाका म्हणत नाही. तीच तर गंमत होती.

पायऱ्या खरोखरच तिच्या घरच्या होत्या. त्या दिवसापासून तोरिका स्वतःच्या घरात बाटल्यांच्या लाकडी खोक्यावर पाय देऊन चढायची. भरल्या अंगाची बाई, खोकं असं करकरायचं की मला इथे मशीनवर बसून धडकी भरे. मी तिला म्हटलं, “तोरिका, एक दिवस आपटशील.” ती म्हणाली, “मग मलाही कुणीतरी चोरायला लागेल.”

पुढे तिने छपराचा गळका पत्रा डुकराच्या खुराड्यासाठी नेला. डुक्कर नव्हतंच, बकरीसारखंच. तिथे चांगला पत्रा बसला, तो म्हणे वाऱ्याने येऊन पडला. वाऱ्याने खिळेही आणले असावेत. तिने सार्जंटांचं काळं पडलेलं पातेलं नेलं आणि बदली पातेलं ठेवलं त्यात मासे होते. तिने त्यांची फुटकी खुर्ची नेली. आता माल चोरायचा म्हणजे चोरीला हात लागतात. हळूहळू सगळी गल्ली तिच्या टोळीत भरती झाली. मी इतकी वर्षं या गल्लीत आहे, पण एकमेकांशी न बोलणारी दोन घरं मी पत्र्याचं एकेक टोक धरून पळताना पहिल्यांदा पाहिली.

आणि सार्जंट? ते रोज दाढी करायला लागले. सकाळी दारात नव्या खुर्चीवर बसायचे, कान टवकारून, चांगला कान रस्त्याकडे करून. एखाद्या दिवशी तोरिका बाजारातून उशिरा आली की मला विचारायचे, “बिमला, आज चोर दिसला नाही?” ती आली की पहिला प्रश्न बकरीचा. बकरी आधी गाभण राहिली, मग आजारी पडली, मग व्याली. दोन पिल्लं झाली. एकाचं नाव तोरिकाने विलिकेसा ठेवलं, कारण ते लंगडत होतं म्हणे. हे तिने भर रस्त्यात सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर सार्जंटांनी त्याला काठीने फोडला असता. ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

शेवटी माझीही पाळी आलीच. ऑक्टोबरच्या शेवटी तोरिका माझ्या ओसरीवर सार्जंटांचा काळा कोट घेऊन हजर. पदकांसकट. मी म्हटलं, बाई, हे मात्र मी नाही करणार, पदकं आहेत ती. ती म्हणाली, पदकांना शिवायचं नाहीये, अस्तर फाटलंय आणि माणूस कोटाच्या आत सुकत चाललाय, कोट गळ्यातून टांगल्यासारखा दिसतो, या वर्षी लेक बघणार आहे. मी पदकं काढून फडक्यात ठेवली, अस्तर बदललं, बाजू आत घेतल्या, बटणं सरकवली, काजं नवीन केली. मग कोट आरशासमोरच्या खुंटीला अडकवला आणि पदकं लावली. आरशात बघत लावली, इथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी सार्जंट कोट घालून, काठी टेकत, रस्ता ओलांडून माझ्या ओसरीसमोर ताठ उभे राहिले.

“बिमला,” ते म्हणाले, “मी कधी वारलो?”

 त्यांनी छातीकडे बोट दाखवलं. स्वतः कमावलेली पदकं डाव्या छातीवर लावायची, उजवीकडे लावतात ती वारलेल्या बापाची नाहीतर भावाची, घरच्या माणसाने त्याची आठवण म्हणून. मी जिवंत माणसाला त्याचीच आठवण करून पाठवलं होतं. मी साळसूदपणे म्हटलं, मला काय माहीत, कोट तर तुमच्या तौवूने नेला होता. ते म्हणाले, “तौवूला एवढी सुबक काजं येत नाहीत. तिला सांग, पुढच्या खेपेला चोरी करताना शिंपिणीला थोडं शिकवून आण.” आणि वळून गेले. काजं सुबक आहेत हे मात्र ते म्हणाले, ते मी हरीला दोनदा सांगितलं.

वासिती आली ती हुतात्म्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी. एकटी आली नाही. बाप आपलं ऐकणार नाही हे जाणून तिने सार्जंटांच्या गावचे मानकरी रातू साकिउसा यांना बरोबर आणलं होतं. म्हातारा खांबासारखा उंच, पंचक्रोशीतल्या सगळ्या घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ. त्यांचा शब्द सार्जंट मोडणार नाहीत, हे गल्लीला कळत होतं. मी मशीन ओसरीच्या पार टोकाला ओढून घेतलं. टिपा काही पडत नव्हत्या, कान तिकडे होते.

वासितीने अंगण पाहिलं, पायऱ्या पाहिल्या, कठडा हलवून पाहिला, छपराकडे पाहिलं. तिने विचारलं, “ताता, हे सगळं कुणी केलं?”

“केलं नाही कुणी,” सार्जंट म्हणाले. “चोरीला गेलं.”

आणि नेमक्या त्याच वेळी तोरिका बाजारातून आली. पाहुणे आहेत हे तिने पाहिलं, पण अशा वेळी मागे हटेल ती तोरिका कसली. ती सरळ वर गेली, वासितीने आणलेला बिस्किटांचा मोठा डबा बगलेत मारला आणि म्हणाली की या लंगड्याला गोड देऊ नका, बकरीच्या पिल्लांना लागतात. वासितीने विचारलं, कुठली बकरी?  सार्जंटांच्या मिशा हलत होत्या.

रातू साकिउसा मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, “कुठल्या गावची, बाई?”

“वुनिदोंगोची.”

“कुणाच्या घरातली? बाप कोण?”

तोरिकाने एक नाव घेतलं. ते आईच्या बापाचं निघालं. रातूंना ते घर माहीत होतं, त्या घरातून कुठली मुलगी कुठल्या बेटावर दिली तेही माहीत होतं. दोन प्रश्नांत त्यांनी तिला कोंडीत पकडलं. आई वुनिदोंगोची, बाप लांबच्या बेटावरच्या वाइसारा गावचा. आणि गाव लागतं ते बापाचं. आईच्या गावाने कुणी तौवू होत नाही, हे इथे शेंबडं पोरही जाणतं.

 माझा हात चाकावरच राहिला. आत्तापर्यंत जे चोरी म्हणून चाललं होतं, ते एका क्षणात दुसरंच काही झालं होतं, आणि ते काय झालं होतं हे रातूंनी स्पष्ट सांगितलं.

“मग विलिकेसा, या चोऱ्या नव्हेत,” ते म्हणाले. “हे दान आहे. तू इतके महिने दानावर राहिलास.”

वासितीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, मी पाठवलेलं तुम्ही परत करता, आणि परक्या बाईने पायऱ्या दिलेल्या चालतात? आता तरी चला. रातू मानेने हो म्हणाले.  सार्जंटांसारख्या माणसापुढे आता वाट एकच होती, सगळ्यांचं सगळं परत करायचं आणि ऑकलंडच्या खिडकीत जाऊन बसायचं.

तोरिकाने बिस्किटांचा डबा खाली ठेवला. अगदी हळू, झाकण वाजू न देता. “चुकलं माझं, सार्जंट,” ती म्हणाली. “तुम्हाला फसवलं. माफ करा.” इतक्या महिन्यांत मी तिच्या तोंडून त्यांच्यासाठी ‘तुम्ही’ कधी ऐकलं नव्हतं. ती खाली मान घालून पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडून गेली आणि खोक्यावर पाय देऊन आपल्या घरात शिरली. खरं सांगते, त्या क्षणी मला रातूंचा, त्यांच्या वंशावळींचा आणि त्या आद्य देवाचाही राग आला. दोन गावं जन्माला घातलीस, आणखी एक घातलं असतंस तर काय बिघडलं असतं?

मग सार्जंट उठले.

काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. कठडा धरून ते एकेक पायरी उतरले. वासिती धावली, तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, चौकीवर गाडी थांबवतात तसं. रस्ता त्यांनी लंगडत पण ताठ मानेने ओलांडला. तोरिकाच्या दाराशी आले, खोक्याकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीकडे पाहिलं. पायऱ्या उपटल्याच्या खुणा तिथे दिसत होत्या. आपल्या घराच्या पायऱ्या कुठून आल्या ते त्यांना तेव्हा कळलं असणार, कारण ते तिथे थोडे जास्तच थांबले. मग चौकट धरून चढले. खोकं करकरलं. आत गेले.

 सार्जंट बाहेर आले ते फडक्यात धरलेलं गरम पातेलं घेऊन. नारळाच्या दुधातले मासे, वास माझ्यापर्यंत आला. ते उंबऱ्यात बसले, पातेलं मांडीवर घेतलं आणि सगळ्या गल्लीसमोर हाताने खायला लागले.

रातू साकिउसा रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. “विलिकेसा, हे काय चाललंय?”

“चोरी.”

“ती तुझी तौवू नाही.”

“ठाऊक आहे,” सार्जंट तोंडातला काटा काढत म्हणाले. “पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. चौकीवर माझ्या हाताखाली एरोनी नावाचा पोरगा होता. वाइसाराचा. दातांत हीच फट, हेच हसणं. रोज माझी साखर चोरायचा आणि रोज सांगायचा, सार्जंट, मी वुनिदोंगोचा, आपण तौवू, तू रागवू शकत नाहीस. तेव्हाही खोटंच होतं. मी तेव्हाही काही बोललो नाही.”

तोरिका दारात येऊन उभी राहिली होती. तिने पदर नसलेल्या खांद्यावरचं फडकं तोंडाला लावलं होतं. एरोनी तिचा धाकटा भाऊ. डोंगरात गोळी लागली तेव्हा सार्जंटांनी त्याला पाठीवर घालून खाली आणला, आणि त्यातच त्यांचा स्वतःचा गुडघा गेला. पोरगा जगला, घरी आला, लग्न झालं, बरीच वर्षं लोकांची साखर चोरत राहिला आणि शेवटी साखरेच्याच आजाराने गेला. हे सगळं आम्हाला त्या दिवशी कळलं. इतके महिने त्यांच्या समोर राहून बाईने एक अक्षर सांगितलं नव्हतं.

“तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही...” तोरिका म्हणाली.

“‘तुम्ही’ नाही, ‘तू’ म्हण,” सार्जंट म्हणाले. “तुझे मासे खाल्लेत मी. आणि मीठ कमी आहे.”

रातूंनी दाढी कुरवाळली. त्यांना वंशावळी पाठ होत्या, पण अशा खटल्याला वंशावळीत उत्तर नव्हतं. एकाने दुसऱ्याचं लुटलं, दुसऱ्याने पहिल्याचं, रागवलं कुणीच नाही. मग ते म्हणाले की आद्य देवाला जाऊन विचारायला हवं, पण तो लांब राहतो, तोवर जे चाललंय ते चालू द्यावं. एवढं बोलून ते उंबऱ्यापाशी गेले आणि पातेल्यातला माशाचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. चोरावर मोर म्हणतात तो हा.

वासिती रडत होती की हसत होती, तिलाच ठाऊक. ती म्हणाली, “ताता, काठी का नाही घेतली?”

“चोर काठी घेऊन जातो का?” सार्जंट म्हणाले.

ती मंगळवारी ऑकलंडला परत गेली, एकटीच. जाण्याआधी बिस्किटांचा डबा तोरिकाच्या दारात विसरून गेली. बाई नर्स आहे, एवढी विसरभोळी असेल असं वाटत नाही. हरीने तोरिकाच्या दाराला नव्या पायऱ्या ठोकल्या, त्या कुणी चोरून आणल्या ते मी सांगणार नाही.

पण त्याआधी रविवार आला. सार्जंट कोट घालून फाटकाशी उभे होते, पदकं डाव्या बाजूला. तोरिका माझ्या ओसरीवर आली, पांढऱ्या कपड्यांत, केस विंचरलेले. हातात रुमालाची गाठ. गाठीत एरोनीचं पदक. तिने ते माझ्या हातात दिलं. मी आरसा उलटा करून ठेवला आणि पदक तिच्या उजव्या छातीवर लावलं. टाचणी दोनदा निसटली.

रस्ता ओलांडून ती सार्जंटांसमोर उभी राहिली. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पहिल्या दिवशी न्याहाळलं होतं तसंच. पदकाची पट्टी किंचित तिरकी होती, ती बोटाने सरळ केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “या खेपेला बरोबर बाजूला लावलंस, बिमला.”

मग दोघं बसकडे निघाले. ते पुढे लंगडत, ती मागून त्यांची काठी पळवून. कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघांच्या शिव्या ऐकू येत होत्या.